जपानच्या शाळेत एएलटी म्हणून रुजू होताना: करारापासून डब्यापर्यंत

ओकायामातल्या माझ्या घरात पहिल्या रात्री दिवा नव्हता. बिघडलेला नव्हता, मुळात नव्हताच. छताला एक गोल खाच आणि खाली रिकामी खोली. जपानमध्ये भाड्याच्या घरात दिवे, पडदे, गॅसची शेगडी हे सगळं बहुतेक वेळा भाडेकरूनं आणायचं असतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि कोट अंगावर घेऊन झोपले.

पुढच्या चार वर्षांत हेच वेगवेगळ्या रूपांत घडत राहिलं. इथली माणसं मदतीला तत्पर असतात, पण न विचारता सल्ला देणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. आपल्याकडे बसस्टॉपवरचा अनोळखी माणूसही ‘हे असं करा’ म्हणून सांगतो. इथे शेजारच्या टेबलावरचे सरही सांगणार नाहीत. विचारलंत तर मात्र कागदावर नकाशा काढून देतील. खाली लिहिलंय ते बहुतेक मी उशिरा विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर आहे.

आधी करार, मग तिकीट

एएलटी म्हणजे सहायक भाषाशिक्षक. जपानी शिक्षकाच्या जोडीनं वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवायचं. बहुतेक काम सरकारी शाळांत असतं, म्हणजे पहिली ते सहावीची शोगाक्को आणि त्यापुढची तीन वर्षांची चुगाक्को. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची ओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास रीतसर विषय म्हणून इंग्रजी आलं, त्यामुळे शोगाक्कोत एएलटीची गरज खूप वाढली.

या कामाला जायची तीन दारं आहेत. पहिलं जेट कार्यक्रमाचं. तो सरकारी असून १९८७ पासून चालू आहे. अर्ज जपानी दूतावासामार्फत, करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. दुसरं दार म्हणजे नगरपालिकेच्या शिक्षण मंडळानं थेट नेमणं. अशा जागा चांगल्या असतात, पण त्या बहुधा आधीच जपानमध्ये असलेल्यांना मिळतात. तिसरं, शाळांना माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांचं. यात जागा भरपूर, पगार साधारण महिना दोन ते अडीच लाख येन, आणि इथेच डोळ्यांत तेल घालून वाचायचं असतं.

कंपनीच्या करारात तीन गोष्टी शोधा. ऑगस्टमध्ये आणि हिवाळ्याच्या सुट्टीत पगार पूर्ण मिळतो की दिवस मोजून कापतात? ‘शाकाइ होकेन’, म्हणजे आरोग्यविमा आणि पेन्शन असा दोन्हींचा कंपनीनं अर्धा भार उचललेला विमा, आहे का? आणि करार ‘हाकेन’ (शाळेला माणूस पुरवण्याचा) आहे की ‘ग्योमु इताकु’ (काम ठेक्यानं घेण्याचा)? हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. हाकेनमध्ये शाळेतले शिक्षक तुम्हाला थेट काम सांगू शकतात. ग्योमु इताकुमध्ये कायद्यानं सांगता येत नाही, सगळं कंपनीमार्फत जावं लागतं. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी ‘हा खेळ जरा लवकर संपव’ एवढं म्हणायचं, तरी त्यांची पंचाईत. माझं पहिलं वर्ष अशा करारावर गेलं. शिक्षक माझ्याशी इतके तुटक का वागतात म्हणून मी सहा महिने स्वतःला दोष देत होते.

व्हिसाचा एक मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा. एएलटीला सहसा ‘क्योइकु’, म्हणजे शिक्षण या प्रकारचा निवासी दर्जा लागतो. त्यासाठी पदवी तर हवीच, शिवाय जी भाषा शिकवायची त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी शाळेकडून आणि कॉलेजकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं लेटरहेडवर लिहून घ्यावं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीतली अकरावी-बारावी, पदवी, पदव्युत्तर अशी वर्षं जोडून बारा भरतात का ते मोजून बघावं लागेल. भरत नसतील तर अर्ज करण्याआधीच कळलेलं बरं.

नवरा किंवा बायको नोकरीनिमित्त जपानमध्ये आहे आणि आपण ‘काझोकु ताइझाइ’ व्हिसावर, अशी पुष्कळ मराठी माणसं तोक्योकडे आहेत. त्यांना परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पूर्णवेळ करायचं तर निवासी दर्जा बदलावा लागतो.

‘भारतीय माणूस इंग्रजी शिकवणार?’ हा प्रश्न मुलाखतीत शब्दांत नाही, पण चेहऱ्यावर येतो. त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यापुढे तुमचं एएलटी होणं अगदी साधी गोष्ट आहे.

बॅग भरताना

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मिळतात, हवाच तर तो घ्या. कुकर मात्र जरूर न्या, पण इंडक्शनवर चालणारा सपाट बुडाचा. आणि शिट्टीबद्दल एक सांगते. लाकडी बांधणीच्या दुमजली घरात रात्री नऊला कुकरची शिट्टी झाली की शेजारच्यांना गॅसगळतीचा इशारा वाटतो. माझ्या शेजारच्या आजी खरंच दार वाजवायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना वरणभात नेऊन दिला, तेव्हापासून शिट्टीला मान्यता मिळाली.

औषधांबाबत कायदा कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी ‘युन्यू काकुनिन-शो’ हा परवाना काढावा लागतो. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं अजिबात चालत नाहीत, आणि आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांत ते असू शकतं. आई बॅगेत जी पुडी सरकवते ती उघडून पाहा.

कपड्यांत एक काळा किंवा गडद निळा सूट हवाच, पदवीदान आणि प्रवेश समारंभांना तोच लागतो. शाळेत घालायला वेगळे, स्वच्छ, रबरी तळाचे बूट घ्या. बायकांचे २५ सेंटीमीटरपेक्षा मोठे आणि पुरुषांचे २८ पेक्षा मोठे बूट लहान गावात सहज मिळत नाहीत. मूळ पदवी प्रमाणपत्र हातसामानात ठेवा. गाडी चालवायची शक्यता असेल तर निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जपानमध्ये एक वर्ष चालतो, आणि तिथेही वाहनं डावीकडूनच असल्यामुळे सवय लागायला दोन दिवस पुरतात. वर्षानंतर जपानी परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्यातल्या लेखी भागाचे प्रश्न १० वरून ५० वर गेले आहेत.

आणि खाऊ. जपानीत ‘ओमियागे’. शिक्षकखोलीत चाळीस माणसं असतील तर चाळीस सुट्या वेष्टनातल्या वस्तू हव्यात. पेढ्यांचा खोका उघडून फिरवला तर कुणी हात लावत नाही. राजगिऱ्याच्या किंवा शेंगदाण्याच्या वेगवेगळ्या गुंडाळलेल्या चिक्क्या उत्तम, टिकतात आणि सगळ्यांना आवडतात.

पैसे थोडे जास्तच न्या. घर घेताना ‘शिकिकिन’ ही अनामत, ‘रेइकिन’ ही मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क आणि पहिलं भाडं असं धरून तीन ते पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम एकदम जाते. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागू शकतो.

उतरल्यावर, याच क्रमानं

कान्साइ, नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर निवासी कार्ड, म्हणजे ‘झाइर्यू कार्ड’, तिथल्या तिथे हातात मिळतं. ते कायम जवळ बाळगणं सक्तीचं आहे, घरी कपाटात ठेवायचं नाही. जड बॅगा विमानतळावरच्या ‘ताक्क्यूबिन’ काउंटरवर द्या, दुसऱ्या दिवशी घरी येतात. शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये दोन मोठ्या बॅगा ओढत जाण्यापेक्षा ते पैसे सार्थकी लागतात.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यानंतर बारा आकडी ‘माय नंबर’ पोस्टानं येतो. मी इथे पहिली चूक केली. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही आहे. नगरपालिकेतल्या बाईंनी कताकाना लिपीत नाव कसं लिहायचं ते विचारलं, मी घाईत काहीतरी लिहिलं. बँकेत गेले तेव्हा वेगळं लिहिलं. मग पगार जमा होईना. तेव्हा घरी बसून एकदाच ठरवा. वडिलांचं नाव धरायचं की नाही, कुलकर्णी असाल तर ‘कुरुकारुनि’, पाटील असाल तर ‘पातिरु’. कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच वापरा. ‘हान्को’, म्हणजे सहीऐवजी वापरायचा शिक्का, करून घ्याल त्यावर आडनाव पुरतं.

यानंतर फोन आणि बँक. बँकेला खातं उघडायला जपानी फोन नंबर हवा. फोन कंपनीला नंबर द्यायला बँक खातं हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. वाट अशी की आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डावर पैसे घेणारं स्वस्त सिम आधी घ्यायचं, मग खातं उघडायचं. जपानमध्ये येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका खुसपट काढतात. पोस्टाची ‘युच्यो’ बँक त्यातल्या त्यात सोपी, आणि खेड्यातही तिची शाखा असते.

वीज आणि पाणी फोनवर किंवा अर्ज भरून सुरू होतं. गॅस मात्र माणूस घरी येऊन तुमच्यासमोरच सुरू करतो, त्यामुळे वेळ आधी ठरवा, नाहीतर दोन दिवस थंड पाण्यानं आंघोळ. लहान गावात सिलिंडरचा प्रोपेन असतो आणि तो महाग पडतो, तेव्हा घर बघताना भाड्याइतकंच हेही विचारा.

आता कचरा. हसू नका, शेजारात तुमची पत यावर ठरते. नगरपालिका कॅलेंडर देते. कोणत्या वारी जळणारा, कोणत्या वारी न जळणारा, कधी काच, कधी जुनी वर्तमानपत्रं. अनेक गावांत ठरावीक पिशवीच लागते, ती किराणा दुकानात मिळते. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन वेगळी. पिशवी आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी ठेवायची. चुकलं तर कुणी भांडत नाही. लाल चिठ्ठी लावलेली तुमची पिशवी तिथेच पडून राहते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती पाहतो. भांडण बरं वाटावं असं ते असतं.

शाळेतला पहिला आठवडा

दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. शिक्षकखोलीत शिरताना मोठ्यानं ‘ओहायो गोझाइमासु’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचं, कुणी मान वर केली नाही तरीही. जाताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा. नव्या माणसाबद्दलचं मत या दोन वाक्यांवर फार लवकर बनतं.

मुख्याध्यापक म्हणजे कोचो-सेन्सेइ. त्यांच्याशी नम्रपणे दोन शब्द बोलावे. तुमचं रोजचं काम पडतं ते उपमुख्याध्यापकांशी, क्योतो-सेन्सेइंशी. रजा, वेळापत्रक, किल्ल्या, वादळामुळे शाळा बंद आहे का, सगळं त्यांच्याकडे. ते सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि रात्री शेवटी दिवे मालवून जातात. बहुधा शाळेतला सगळ्यात दमलेला माणूस तोच. प्रश्न विचारायचे ते सकाळच्या सभेनंतर, जेवणाच्या आधी नाही.

तास नसेल तेव्हा टेबलावर बसून राहू नका. हे मी उगाच सांगत नाही. दुपारी पंधरा मिनिटं सगळी मुलं शाळा झाडतात-पुसतात, त्या ‘सोजि’त फडकं घेऊन सामील व्हा. जी मुलं वर्गात इंग्रजीचा एक शब्द काढत नाहीत ती फरशी पुसताना ‘सेन्सेइ, क्रिकेट म्हणजे बेसबॉलच ना?’ असं जपानीत विचारतात, आणि तिथून सगळं सुरू होतं. मेमधल्या किंवा शरदातल्या क्रीडादिनाच्या तयारीला, दुपारनंतरच्या क्लबांना जा. मी धनुर्विद्येच्या क्लबात नुसती बसायचे. त्या मुलींनी मला जेवढं जपानी शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं नाही.

वर्गात काय करायचं

पहिला तास ‘जिको शोकाइ’, स्वतःची ओळख. शोगाक्कोत ४५ मिनिटं, चुगाक्कोत ५०. पन्नास स्लाइड करू नका, पाच करा. माझा सगळ्यात चाललेला फोटो ताजमहालाचा नव्हता. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तो फोटो दाखवून ‘ही बाग कुठे आहे?’ विचारलं की सगळा वर्ग ‘कोराकुएन!’ म्हणून ओरडायचा. मग ‘नाही, माझ्या गावात’ म्हटलं की शांतता. तुमच्या गावाचा आणि त्या गावाचा असा एखादा धागा शोधून ठेवा.

दुसरी हमखास गोष्ट म्हणजे मुलांची नावं देवनागरीत लिहून देणं. जपानी नाव अक्षरांत पाडलं की देवनागरीत चपखल बसतं, सा-कु-रा, हा-रु-तो. पहिल्या आठवड्यात तीनशे चिठ्ठ्या लिहिल्या. वर्ष संपलं तरी त्या मुलांच्या पेन्सिल पेटीच्या झाकणाला चिकटवलेल्या दिसायच्या.

तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न, तो येणार म्हणजे येणारच. ‘भारतात १९ गुणिले १९ पर्यंत पाठ असतं ना?’ जपानी मुलं ९ गुणिले ९ पर्यंतच पाढे शिकतात आणि भारतीय गणिताबद्दल तिथे मोठं कुतूहल आहे. जाण्यापूर्वी एकोणीसचा पाढा घोकून जा. माझी सतराच्या पाढ्यावरच फे फे उडाली. आजोबा पावकी-निमकी म्हणायचे त्याची तेव्हा आठवण झाली.

रोजच्या तासात तुमची भूमिका शिक्षकागणिक बदलते. काहींना तुम्ही फक्त वाक्यं वाचून दाखवायला हवे असता. एएलटी मंडळी त्याला वैतागून ‘माणसाचा टेपरेकॉर्डर’ म्हणतात. काही जण, विशेषतः शोगाक्कोतले वर्गशिक्षक, ज्यांना स्वतःला इंग्रजीची धास्ती असते, ते अख्खा तास तुमच्यावर सोडून मागे उभे राहतात. दोन्हींवर उपाय एकच. आदल्या दिवशी पाच मिनिटं मागा. ‘आशिता नो जुग्यो, नानि ओ शिमाशो का?’ उद्याच्या तासाला काय करूया? स्वतःहून एक तयार खेळ घेऊन जा, दहा मिनिटांचा. आवडला तर पुढच्या वेळी पंधरा मिनिटं मिळतात. दोन सत्रांत माझ्या वाट्याला अर्धा तास येऊ लागला.

उच्चारांबद्दल उगाच अमेरिकन व्हायला जाऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. सावकाश आणि स्पष्ट बोला, वाक्यातला शेवटचा शब्द गिळू नका. पाठ्यपुस्तकातली सीडी ऐकून जोर कुठे दिलाय तेवढं मात्र आदल्या दिवशी बघा, कारण आपण इंग्रजी शब्दांवरचा जोर मराठी चालीनं देतो.

जपानी शिकताना मराठीचा हात धरा

जपानी मुळाक्षरांचा क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. ओळखीचा वाटला ना? तो संस्कृत वर्णमालेवरून, बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आला. इंग्रजी बोलणारे ज्या क्रमाला महिनाभर घोकतात तो आपल्याला दोन संध्याकाळींत बसतो. वाक्यात क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, हेही आपल्यासारखंच. वाक्याच्या शेवटचा ‘ने’ तर सरळ आपला ‘ना’. आणि त्सुनामीमधला ‘त्सु’? तो ‘चूक’ आणि ‘चमचा’ यांतला च. हिंदी भाषकांना तो अवघड जातो, आपल्याला उपजत येतो.

पहिल्या तीन महिन्यांत हिरागाना, कताकाना या दोन लिप्या आणि शंभरेक कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, एवढं करा. जुलै आणि डिसेंबरमध्ये जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा असते. डिसेंबरला चौथ्या पातळीची परीक्षा द्यायची असं ठरवून टाकलं की अभ्यास होतो.

डबा की क्यूशोकु

शाळेत दुपारचं जेवण म्हणजे ‘क्यूशोकु’. मुलंच पांढरे अंगरखे घालून वाढतात, शिक्षक वर्गातच जेवतात, सोबत २०० मिलिलिटर दूध. दृश्य फार छान असतं. शाकाहारी माणसाची मात्र कोंडी होते, कारण सूप, भाजी, डाळीसारखं दिसणारं काहीही ‘दाशि’त, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेल्या पाण्यात, शिजलेलं असतं आणि दाशि बहुधा वाळवलेल्या माशाची. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यानं भागत नाही, मासे चालतात असंच धरलं जातं. वाक्य असं म्हणा: ‘निकु मो, साकाना मो, दाशि मो ताबेमासेन.’ मांस, मासे, दाशि, तिन्ही खात नाही.

गोमांस न खाणाऱ्यांनी ‘करी’पासून सावध. भारतीय शिक्षक आले म्हणून मोठ्या प्रेमानं करीचा बेत ठेवतात, आणि त्या तयार मसाल्याच्या वडीत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. शाळेत महिन्याचं ‘कोंदाते-ह्यो’, म्हणजे जिन्नसांसकट मेनूचा तक्ता, आधीच वाटतात. रुजू होतानाच क्योतो-सेन्सेइंना सांगून क्यूशोकु बंद करा, म्हणजे त्याचे पैसे कापले जात नाहीत, आणि डबा न्या. मात्र डबा वर्गातच बसून खा. जेवण सुरू करताना म्हणायचं ‘इतादाकिमासु’ सगळ्यांबरोबर म्हणा. मुलं विचारतील, हे काय? पोळी म्हणजे नान नव्हे हे त्यांना समजावण्यात एक सत्र जातं, जपानी माणसाला वाटतं आपण रोज नानच खातो.

स्वयंपाकाची सोय दिसते तितकी वाईट नाही. जपानी तांदूळ चिकट असतो, पण इंद्रायणी खाऊन वाढलेल्याला त्यात परकं काही नाही. तूरडाळ, पोहे, कणीक, हिंग तोक्योतल्या निशी-कासाइ आणि शिन-ओकुबोतल्या दुकानांकडून ऑनलाइन येतं. ‘ग्योमु सुपर’ या स्वस्त दुकानांत जिरे-हळद, छोले, गोठवलेली भेंडी मिळते. गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी ‘जोशिन्को’ हे तांदळाचं पीठ घ्या, पारी सुरेख होते. शेजारचं ‘मोचिको’ उचलू नका, ते चिकट तांदळाचं. माझे पहिले अकरा मोदक एकच मोदक झाले होते.

संध्याकाळच्या ‘नोमिकाइ’ला, म्हणजे पार्टीला, पहिल्या वेळी तरी जा. दारू घेत नसाल तर ‘ऊलाँग-चा’ हा चहा मागवा, कुणी आग्रह करत नाही. पहिली बैठक झाली की निघायला हरकत नसते.

थंडी, भूकंप, पूर

घरं थंड असतात. बाहेर दोन अंश आणि आत पाच, असं. रॉकेलचा हीटर किंवा ‘कोतात्सु’, म्हणजे खाली हीटर असलेलं पांघरूणवालं बुटकं टेबल, नोव्हेंबर लागायच्या आत घ्या. रॉकेलचा हीटर लावला तर अधूनमधून खिडकी उघडा. जूनच्या पावसात उलट त्रास, गाद्या आणि चामड्याच्या वस्तूंना बुरशी येते. आपल्या कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको.

नगरपालिकेतून ‘हझार्ड मॅप’, म्हणजे पूर-दरडीच्या धोक्याचा नकाशा, मागून घ्या आणि त्यावर स्वतःचं घर शोधा. ओकायामाला हवामान चांगलं म्हणून ‘सूर्यप्रकाशाचा प्रांत’ म्हणतात, तरी २०१८ च्या जुलैत कुराशिकीतला माबी भाग पुराखाली गेला. आसरा घ्यायची जागा बहुधा तुमच्याच शाळेची व्यायामशाळा असते. पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. मोठ्या भूकंपात फोन लागत नाहीत, तेव्हा १७१ वर आवाजी निरोप ठेवता येतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की बातमी दिसली तर लगेच फोन करत सुटू नका, मीच मेसेज करेन. भारतापेक्षा जपान साडेतीन तास पुढे आहे, रात्री नऊला केलेला फोन घरी साडेपाचच्या चहाला पोचतो.

पगाराची चिठ्ठी

चिठ्ठी हातात आली की जपानी जाणणाऱ्या कुणाला तरी प्रत्येक ओळ विचारा. पेन्शनचा एकूण हप्ता १८.३ टक्के, त्यातला निम्मा तुमचा. आरोग्यविम्यामुळे दवाखान्यात ३० टक्केच भरावे लागतात, त्यामुळे दात दुखला तर पुढच्या सुट्टीत भारतात बघू असं करू नका. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची पेन्शनची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत भरलेल्या पेन्शनची काही रक्कम एकदम परतही मागता येते, पण ती घेतली की ती वर्षं हिशेबातून जातात. दोन्हीपैकी काय फायद्याचं ते निघण्याआधी पेन्शन कार्यालयात बसून मोजून घ्या.

‘क्योइकु’ व्हिसावर खासगी शिकवण्या घ्यायच्या तर वेगळी परवानगी लागते. शेजारच्या काकूंनी प्रेमानं पैशाचं पाकीट पुढे केलं तरी आधी परवानगी.

‘जूमिनझेइ’ हा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर लागतो, साधारण दहा टक्के. म्हणून नव्या माणसाला सुरुवातीला तो लागत नाही आणि पगार बरा वाटतो. पुढच्या जूनमध्ये नगरपालिकेचं जाडजूड पाकीट येतं. काही कंपन्या पगारातून कापत नाहीत, तेव्हा चार हप्त्यांच्या पावत्या तुम्हालाच कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, जाऊन भराव्या लागतात. मी ते पाकीट जाहिरात समजून जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातलं होतं. त्या बुधवारी कागद न्यायला गाडी येण्याआधी शेजारच्या आजींनीच ते गठ्ठ्यातून काढून माझ्या दारात आणून दिलं.